पातेरा जाळू नका, आणि कोकणात खड्डा खणू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावात राहते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता घरचं आगर पाहते. आगर मोठं नाही. चाळीसेक नारळ, पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, मिरीचे वेल, घराभोवती आंबा-फणस आणि मागच्या परसात भाजीचे चार वाफे. आपल्या दैनिकातलं शेतीचं पान मी नियमानं वाचते, त्याची कात्रणं वहीत चिकटवून ठेवते. त्या पानाविषयीच हे पत्र आहे. थोडं लांबेल, पण छापण्याजोगं वाटलं तर सगळं छापावं.

घरच्या घरी कंपोस्ट खत कसं करावं यावर उन्हाळ्यात कुठे ना कुठे लेख येतोच. मोबाइलवर तर रोज एखादी चित्रफीत कुणीतरी पाठवतं. सुरुवात बहुतेकांची एकच: ‘तीन फूट खोल खड्डा खणा.’ देशावर हा सल्ला बरोबरच आहे. तिथे ऊन आणि कोरडा वारा, उघड्यावरचा ढीग आठ दिवसांत सुकून जातो. खड्ड्यात ओल टिकते. पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे खड्डा खणला की त्याची विहीर होते.

हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात हौसेनं खड्डा खणून घेतला. आमची जमीन जांभ्याची, वर हातभर माती आणि खाली कातळ. गड्याला पहारीनं दोन दिवस लागले. स्वयंपाकघरातलं सगळं त्यात टाकत गेले, वर पालापाचोळा, वर शेणकाला, अगदी लेखात लिहिलं होतं तसं. मृगाचा पाऊस पडला, आर्द्रा लागल्या आणि आषाढात तो खड्डा काठोकाठ भरला. कातळातून पाणी खाली उतरायला जागाच नव्हती. वर काळं पाणी, त्यावर बुडबुडे, आणि वास नासक्या अंड्यासारखा. शेजारच्या वहिनींनी पंधरा दिवस आपली मागची खिडकी उघडली नाही. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. नवरात्रात पाणी उपसलं तर आंब्याचं पान न् पान ओळखू येत होतं. चार महिन्यांत काहीही कुजलं नव्हतं, फक्त भिजत पडलं होतं.

कारण नंतर समजलं. पाल्याचं खत करणारे जे सूक्ष्म जीव आहेत त्यांना हवा लागते. पाण्याखाली हवा मिळाली नाही की ते मरतात आणि हवेशिवाय जगणारे दुसरे जीव त्यांची जागा घेतात. तो घाण वास त्या दुसऱ्यांचा. म्हणजे ज्या खताला दुर्गंधी येते ते खत होतच नसतं.

आमच्या सासूबाईंची गायरी, म्हणजे शेण-पाल्याच्या खताची जागा, गोठ्याच्या वरच्या अंगाला होती, परसातल्या सगळ्यात उंच जागेवर. खड्डा नव्हे, ढीगच. खाली नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, पसरलेली, वर झापांचं छप्पर. तीस वर्षं मी तिच्या बाजूनं पाण्याची कळशी घेऊन जात होते आणि ती उंचावर का आहे, खाली सोडणं का घातली आहेत, हे एकदाही विचारलं नाही. त्या गेल्या, गुरंही गेली, गोठ्यात आता लाकडं आणि सायकल असते. मग मी शहाण्यासारखा लेख वाचून खड्डा खणला. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

आता मी काय करते ते सांगते. घर दुरुस्त करताना उरलेले जांभ्याचे चिरे होते. ते चुन्या-सिमेंटशिवाय नुसते एकावर एक रचून तीन बाजूंची भिंत केली, चिऱ्या-चिऱ्यांत चार बोटं फट ठेवली. चार फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. शेजारी तसाच दुसरा कप्पा. भिंतीत भोकं ठेवून हवा खेळवायची ही युक्ती पुसदच्या नारायण पांढरीपांड्यांची. त्यांच्या नावावरूनच तिला ‘नाडेप’ म्हणतात. त्यांची टाकी विटांची आणि मोठी, दहा फूट बाय सहा फूट. माझी घरगुती आहे. आपल्याकडे विटांपेक्षा चिरा सोपा, आणि पडक्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचेही चालतात. तळाशी सासूबाईंसारखीच सोडणं आणि झावळीचे दांडे, म्हणजे खालूनही हवा जाते आणि पाणी साचत नाही. पावसाळ्यात वर दोन पत्रे, त्यांवर दगड.

तीन फुटांपेक्षा लहान ढीग करू नये. लहान ढीग तापत नाही. नीट रचलेला ढीग आठवड्याभरात आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो, त्यात तणाचं बी आणि घरमाश्यांची अंडी मरतात. मी पहार ढिगाच्या पोटात खुपसून ठेवते आणि चहा घेऊन परत येऊन ओढते. टोकाला हात लावून धरता आला नाही तर काम चालू आहे. मार्गशीर्षातल्या सकाळी पत्रा बाजूला केला की वाफ दिसते. नातवंडं आली होती तेव्हा त्यांना ‘ढिगाला ताप आलाय’ म्हणून सांगितलं, तर धाकटी दिवसातून तीनदा त्याचा ताप बघायला जात होती.

आत काय घालायचं याचं पुस्तकी गणित असं की कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण तीसास एक असावं. सुक्या पानांत कर्ब भरपूर, हिरव्या ओल्या वस्तूंत आणि शेणात नत्र जास्त. घरात हे मोजायला कुणाकडे काटा नाही. मी टोपली धरते: भाजीची देठं, केळीची सालं, खवलेल्या नारळाचा चोथा, चहाचा चोथा असं एक टोपली ओलं, की त्यावर दोन-तीन टोपल्या पातेरा, म्हणजे झाडांनी गाळलेला सुका पाला. फणसाच्या दिवसांत चारखंडं, म्हणजे त्याची काटेरी सालं, विळीनं बारीक करून घालते, काजूच्या दिवसांत बोंडं. बोंडांना रस फार, त्यांच्यावर पातेरा दुप्पट हवा, नाहीतर चिलटांचं घर होतं. आठवड्यातून एकदा शेजाऱ्यांच्या गाईचं बादलीभर शेण पाण्यात कालवून शिंपडते. ओल किती हवी, तर मूठभर उचलून घट्ट पिळावं. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला की झालं. धार लागली तर पातेरा कमी पडला, आणि मूठ सुटून भुगा झाला तर पाणी. बंबातली राख थोडी घालावी, पालाश (पोटॅश) मिळतं. पण ताज्या शेणावर राखेचा थर दिला तर नत्र वायू होऊन उडून जातं. नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याचाच.

मासळीविषयी मला फार विचारतात, कारण आमच्याकडे तिच्याशिवाय चूल पेटत नाही. खवलं, डोकी, कोळंबीची सालं हे उत्तम खत आहे. पूर्वी सुक्या मासळीचा कुटा माडाला घालायचेच. फक्त ते वरवर टाकू नये. ढिगाच्या मधोमध हातभर खोल खळगा करून त्यात पुरावं आणि वर वीतभर पातेरा द्यावा. तेवढं केलं तर वास येत नाही आणि मांजर-मुंगूस उकरत नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुजत नाहीत. त्या कुटून माडाच्या आळ्यात टाकाव्यात, आपली माती आम्लधर्मी आहे, तिला तो चुना चांगला.

आता पातेऱ्याचं. पत्र लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

पौष लागला की साग, काजू, आंबा पान गाळायला लागतात. माघ-फाल्गुनात घराघरांतून खळं, म्हणजे अंगण, झाडून पातेऱ्याचे ढीग लावतात आणि दिवे लागणीच्या वेळी काडी ओढतात. संध्याकाळी रस्त्यानं चालत गेलं तर समुद्रापर्यंत धूरच धूर. पूर्वी भातासाठी राब भाजायचे, त्याची गोष्ट वेगळी. त्यात तणाचं बी जळायचं आणि राख तिथल्या तिथे तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जमिनीत जायची. तेव्हाच्या माणसांना मी नावं ठेवत नाही. पण खळ्यातला पातेरा जाळण्यात कुठलं पीक आहे? पानातलं नत्र आणि गंधक धुराबरोबर जातं, कर्ब तर सगळाच जातो. राखेत थोडं पालाश उरतं, ते पहिल्या पावसात ओढ्यातून खाडीला मिळतं. आपल्या जांभ्याच्या लाल मातीत पाणी धरून ठेवणारं काही असेल तर तो कुजलेला पाला. मुसळधार पाऊस दरवर्षी तिच्यातलं कसदार ते धुऊन नेतो, आणि परत भरून द्यायला झाडांनी जे खाली टाकलं ते आपण पेटवून देतो. मग ज्येष्ठात त्याच घरातला माणूस रिक्षानं शेणखताची पोती आणतो. मीही आणलेली आहेत. एका पोत्यात काचेचे तुकडे आणि बॅटरीचा सेल निघाला होता, हात कापला.

तीन वर्षांमागे फाल्गुनात आमच्याच वाडीत असा पेटवलेला ढीग वाऱ्यानं भडकला आणि ठिणगी गडग्यापलीकडे गेली. तिकडे एका भाऊंनी नवीन लावलेली काजूची कलमं होती, दोन पावसाळे जगवलेली. कळशा घेऊन सगळी वाडी धावली. अर्धी वाचली. ज्यांनी पेटवलं ते गृहस्थ त्या रात्री जेवले नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. उन्हाळ्यातल्या किती वणव्यांची सुरुवात अशीच कुणाच्या तरी अंगणात होत असेल! उघड्यावर कचरा जाळण्याविरुद्ध नियम आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ साली त्यासाठी पाच हजार रुपये दंड ठरवला आहे. दंडाची भीती घालून मला कुणाचं मन वळवायचं नाही, पण हे माहीत असावं.

आता गंमत अशी की जो पातेरा माघात नकोसा होतो तोच आषाढात कुठे मिळत नाही. पावसाळ्यात स्वयंपाकघरातलं ओलं रोजचं रोज निघतंच. त्यावर घालायला कोरडं काही नसेल तर ढीग चिकट होतो, वास मारतो, अळ्या पडतात आणि बाईमाणूस कंटाळून सगळा प्रयोग सोडून देते. माझा अनुभव विचाराल तर कोकणात कंपोस्ट फसतं ते इथेच. म्हणून मी माघात पातेरा गोळा करून खताच्या रिकाम्या पोत्यांत पायानं दाबून भरते आणि पडवीच्या माळ्यावर टाकते. आमच्या घराला चार महिन्यांना अठरा-वीस पोती लागतात. आंब्याचं आणि काजूचं पान चिवट असतं, ते भरण्याआधी खळ्यात पसरून दोन दिवस त्यावरून येजा केली की चुरा होतो. पोफळीची विरी, म्हणजे पानाचा रुंद देठ, मात्र पोत्यात भरू नये, तिचे तुकडे करून थेट आळ्यात घालावेत.

अजून एक गोष्ट, जी देशावरच्या लेखात कधी येणार नाही पण नारळवाल्यानं विसरून चालणार नाही. गेंड्या भुंगा.

दुसऱ्या वर्षी माझं खत छान झालं होतं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. हौसेनं ‘पुढं लागेल’ म्हणून अर्धा ढीग तसाच ठेवला. वर्षभर त्याला हात लावला नाही. पुढच्या चैत्रात नारळ उतरवणारा पाडेली माडावर चढला आणि वरूनच ओरडला, ‘बाई, सुई खाल्लीय!’ खाली टाकलेली झावळी पाहिली तर कात्रीनं तिरपी कापावी तशी दोन्ही बाजूंनी कापलेली, उघडल्यावर पंख्यासारखी. सुई म्हणजे माडाचं न उलगडलेलं कोवळं पान. भुंगा तिच्यात शिरून खातो. पान नंतर उलगडतं तेव्हा ते काप दिसतात. पाडेलीनंच विचारलं, ‘गायरी कधी ढवळली होतीत?’ संध्याकाळी खोऱ्यानं तो जुना ढीग ओढला. प्रत्येक खोऱ्याला दोन-चार अळ्या. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, शेपटीकडे निळसर, डोकं तपकिरी, कोयतीसारख्या वाकड्या होऊन पडलेल्या. हातात घेतली तर थंडगार आणि जड. मोजल्या तेवढ्या एकशे चौदा भरल्या. माझ्याच चाळीस माडांचा वैरी मीच माझ्या परसात पाळला होता.

हा भुंगा शेणखतात, कुजक्या पाल्यात आणि पडून राहिलेल्या माडाच्या खोडात अंडी घालतो. अळी तिथेच चार-सहा महिने वाढते. म्हणून खत तयार झालं की ठेवून द्यायचं नाही, वापरून टाकायचं. आणि चालू ढीग महिन्या-दीड महिन्यानं एका कप्प्यातून दुसऱ्यात ओढायचा. दोन कप्पे त्यासाठीच. ओढताना कोंबड्या सोडाव्यात, त्या एकही अळी शिल्लक ठेवत नाहीत. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते, ती पाण्यात कालवून ढिगावर शिंपडली तर अळ्यांना रोग होऊन मरतात. माणसाला आणि गुरांना तिचा उपद्रव नाही. मी गेली तीन वर्षं वापरते. आणि एक सांगते, परसात दिसलेली प्रत्येक अळी मारू नये. पिंपात किंवा ओल्या ढिगात तपकिरी, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात त्या वेगळ्या. त्या कचरा खाऊन लवकर संपवतात आणि माडाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना पाहून आमच्या पुतणीनं आख्खं पिंप समुद्राकाठी नेऊन उपडं केलं होतं.

वेळापत्रक म्हणाल तर आमच्याकडे दिवाळीनंतरचं बरोबर बसतं. पाऊस थांबलेला, बेणणीचं (तण काढण्याचं) हिरवं गवत मिळतं, पुढं पातेरा पडतोच. तेव्हा रचलेला ढीग तीन-चार वेळा ओढला की वैशाखात तयार होतो, आणि मृगाच्या आधी माडाच्या आळ्यांत घालता येतो. सोडणं मात्र ढिगात कुजायची वाट पाहू नये, त्यांना वर्षं लागतात. ती आळ्यात उताणी, वाटीसारखी पुरावीत. पाणी धरून ठेवतात. पर्यटकांच्या दिवसांत किनाऱ्यावर शहाळ्यांचे डोंगर साचतात, त्यांत पाणी राहून डास होतात, त्यांनाही चिरून हीच वाट दाखवता येईल. होमस्टेवाल्या मंडळींनी हे मनावर घ्यावं. वेंगुर्ला नगरपरिषदेनं आपला कचरा डेपोच लोकांनी मुद्दाम पाहायला यावं अशी जागा करून दाखवला, तो काही मोठ्या शहराचा पैसा ओतून नव्हे. घरातच ओलं-सुकं वेगळं करण्यापासून त्याची सुरुवात झाली. माझी बहीण ज्या गावात राहते तिथे मात्र ती दोन डबे ठेवते आणि घंटागाडीत दोन्ही एकाच ढिगात उपडे होतात. तिला काय सांगू? मी तिला म्हटलं, ओलं गाडीत देऊच नकोस. ती आता गॅलरीत पिंपाला तापल्या सळईनं भोकं पाडून त्यात करते, आणि पातेरा माझ्याकडून एसटीनं जातो.

संपादक महोदय, विनंती एवढीच. आपल्या शेतीच्या पानावर कोकणासाठी खताची माहिती वेगळी द्या. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. तिथल्या जाणकारांकडून जांभ्याच्या जमिनीवर, आपल्या पावसात, घरगुती ढीग कसा रचावा हे चित्रांसह लिहवून घ्या. मे महिन्यात नको, तेव्हा पातेरा जळून गेलेला असतो. आत्ता, माघाच्या आधी द्या. आणि ग्रामपंचायतींना माझं सांगणं असं की खळी झाडून स्वच्छ ठेवणाऱ्या घराला बक्षीस देता तसं पातेरा न जाळणाऱ्या वाडीलाही द्यावं.

आमच्या वाडीत यंदा सात घरांनी न जाळायचं कबूल केलं आहे. शेजारच्या वहिनी त्यांतल्या पहिल्या. त्यांच्या कप्प्याला चिरे मीच दिले, आणि विरजण म्हणून माझ्या ढिगातली दोन घमेली. ज्यांना हवं असेल त्यांनी टोपली घेऊन यावं. मागच्या सागानं कालपासून पान टाकायला सुरुवात केली आहे, म्हणून हे पत्र आजच्याच टपालानं पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी